दारावरचा दिवा

ऑक्टोबर सरत आला की न्यू जर्सी राज्यातील वेस्ट विंडसर या गावची घरे मरणाशी खेळायला सज्ज होतात. एरवी ज्या हिरवळीवर गवताचे एक पाते वाजवीपेक्षा वाढलेले कुणाला खपत नाही, त्याच हिरवळीवर थर्माकोलची थडगी उभी राहतात. कुंपणाच्या झुडपांवर कापसाची कोळिष्टके पसरली जातात, मेपलच्या फांद्यांवरून वटवाघळे लोंबू लागतात. आणि 2020 सालापासून 12 फूट उंचीचे सांगाडेही बाजारात आल्यामुळे एखाद्या घराच्या वरच्या मजल्याशी कवटी टेकलेली दिसते. दिवसाउजेडी पाहिले तर यात भिण्याजोगे काहीच नसते. सांगाड्याच्या फासळ्यांत वाळकी पाने अडकलेली असतात आणि थडग्याला पाठीमागून खिळे मारून आधार दिलेला स्पष्ट दिसतो. पण दिवस मावळला, भोपळ्यांच्या पोटातले दिवे लागले, की ठाऊक असलेली गोष्टही क्षणभर ठाऊक नसल्यासारखी होते. त्या क्षणासाठीच हा सारा खटाटोप असतो.

गावातल्या मराठी घरांत ज्यांना सगळे काकू म्हणतात, त्यांच्या दारात मात्र 2024 सालच्या ऑक्टोबरात काहीच नव्हते. आधीची पस्तीस वर्षे या दाराची सजावट काकांकडे होती. गाव सांगाडे विकत आणी, तेव्हा काका तळघरात बसून तारा, जुनी धोतरे आणि पुठ्ठे यांतून खविसाचा एक पुतळा उभा करीत. शेजाऱ्यांना तो कोण हे कळत नसे. काका मोठ्या प्रेमाने समजावून सांगत, की हा आमच्या कोकणातला आहे, याला व्हिसा मिळायला फार वेळ लागला. मार्च महिन्यात काका गेले. पुतळा तळघरातच राहिला, आणि त्याच्यावर चादर घालावी की तो मोडून टाकावा हे काकूंना ठरवता आले नाही.

हॅलोवीनच्या रात्रीचा या देशातला एक अलिखित नियम आहे. ज्या घराच्या दारावरचा दिवा लागलेला असेल, त्या घरी वेष घेतलेल्या मुलांनी जावे, घंटी वाजवावी, खाऊ मागावा. जिथे दिवा नसेल तिथे जाऊ नये. दिवा न लावणाऱ्याला कुणी कारण विचारीत नाही आणि कुणी रागवतही नाही. कुणाला लहान मूल झोपवायचे असते, कुणी आजारी असते, कुणाला ही धामधूमच आवडत नाही. नियम साधा आहे, परंतु त्यामुळे त्या संध्याकाळी प्रत्येक घराला एक उत्तर द्यावे लागते. यावे, की येऊ नये? काकूंना ते उत्तर पहिल्यांदाच एकटीने द्यायचे होते.

या सणाशी त्यांची पहिली गाठ पडली ती 1979 साली. अमेरिकेत येऊन तीनच महिने झाले होते. जर्सी सिटीतल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड होते. संध्याकाळी दार वाजले म्हणून उघडले, तर समोर एक चेटकीण, एक चाचा आणि एक बिनमुंडक्याचा देह. काकू किंचाळल्या आणि त्यांनी दार लावून घेतले. काका आतून धावत आले, त्यांनी दार उघडले, प्रकार पाहिला आणि ते इतके हसले की बिनमुंडक्या देहाच्या आतला मुलगाही हसू लागला. घरात चॉकलेट नव्हते. काकांनी डब्यातले शेंगदाण्याचे तीन लाडू मुलांच्या पिशव्यांत घातले. दुसऱ्या दिवशी ते लाडू जिन्याखालच्या कचऱ्याच्या पिंपात जसेच्या तसे सापडले. त्यांतल्या एका मुलाच्या आईने पुढे ओळख झाल्यावर ओशाळून खुलासा केला, की अनोळखी घरचा उघडा खाऊ मुलांना द्यायचा नाही, कोण कशात काय घालील याचा नेम नाही.

त्या भीतीला त्या काळी देशभर जोर आला होता. सफरचंदात ब्लेड, मिठाईत विष अशा वार्ता दरवर्षी ऑक्टोबरात उठत. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने पुढे कित्येक वर्षांची वृत्तपत्रे तपासली, तेव्हा अनोळखी माणसाने दारात आलेल्या मुलाला खाऊतून विष देऊन मारल्याचे एकही सिद्ध झालेले उदाहरण त्याला आढळले नाही. 1974 साली टेक्सासमध्ये एक मुलगा विषारी खाऊने दगावला होता. पण तो खाऊ त्याच्या बापानेच विम्याच्या पैशांसाठी दिला होता. दारात उभ्या राहिलेल्या चेटकिणीला कुणी भीत नव्हते. दाराआडच्या शेजाऱ्याला भीत होते. लाडवांचा अपमान काकूंच्या मनातून गेला नाही, मात्र त्या वर्षानंतर त्यांच्या घरी ऑक्टोबरात वेष्टनातल्या चॉकलेटची मोठी पिशवी येऊ लागली.

काकांना या सणाची जी ओढ लागली, तिचे मूळ मालवणकडच्या एका वाडीत होते. तिथे दिवस मावळल्यावर पिंपळाखालून जायचे नसे, कारण वर मुंजा. वहाळाच्या कोंडीत गिऱ्हा. माळावर वाट चुकवणारा चकवा. आणि गावाच्या शिवेवरून रात्री काठी टेकीत फिरणारा देवचार. यांतला देवचार तर भीतीपेक्षा भरवशाचाच विषय होता, कारण तो गावाचा राखणदार. जत्रेच्या रात्री दशावतारी नाटकात काळ्या वेषातला, लालभडक लांब जिभेचा संकासुर रंगमंचावर आला की पोरे आयांच्या पदराआड लपत आणि पदराच्या फटीतून त्याच्याकडेच बघत. भिण्यासाठी गाव जागा होता, शेजारी आई होती आणि पहाटे नाटक संपणार हे ठरलेले होते. पुढे मुंबईला शिकायला आल्यावर काकांनी फिरत्या वाचनालयातून नारायण धारपांच्या कादंबऱ्या आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा एकामागून एक वाचल्या. ‘महल’ हा 1949 सालचा चित्रपट त्यांनी मॅटिनीला तीनदा पाहिला होता. अमेरिकेत आल्यावर त्यांना असे आढळले, की जे वेड आपल्याकडे मोठ्या माणसाने लपवायचे असते, त्याला इथे वर्षाचा एक संपूर्ण महिना राखून ठेवलेला आहे.

त्या महिन्याचा इतिहास त्यांनी हौसेने गोळा केला होता. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या केल्टिक लोकांत उन्हाळा संपून काळोखाचा अर्धा भाग सुरू होई तो सण साविन. त्या संधिकाळात या लोकातला आणि त्या लोकातला पडदा विरळ होतो अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्माने 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि 2 नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस मानला, आणि संतदिनाच्या आदली रात्र ती हॅलोवीन झाली. मध्ययुगीन इंग्लंडात गरिबांनी दारोदार जाऊन मृतांच्या नावाने भाजलेल्या लहान पोळ्या घ्याव्यात आणि बदल्यात त्या मृतांसाठी प्रार्थना करावी, असा प्रघात होता. आयर्लंडात सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक अमेरिकेत आले तेव्हा त्यांना सलगमापेक्षा कितीतरी मोठा आणि कोरायला सोपा असा लाल भोपळा मिळाला. इथे सणाला हुल्लडीचे रूप आले. मिनेसोटातल्या अनोका गावाने 1920 साली मिरवणूक काढून पोरांची हुल्लड आवरण्याची युक्ती केली, आणि पुढच्या दशकांत दारोदारच्या खाऊची चाल देशभर रुळली.

काका हे सारे सांगू लागले की काकू हातातले विणकाम न थांबवता म्हणत, “म्हणजे आपला पितृपंधरवडाच की.” काका म्हणत, “नाही. आपण पितरांना जेवायला वाढून कावळ्याची वाट पाहतो. हे लोक पोरांनाच पितरांचे कपडे घालतात.” दाराला दृष्ट लागू नये म्हणून कोहळा टांगणाऱ्या घरात वाढलेल्या काकूंना कोरलेल्या भोपळ्याचे काही नवल वाटत नसे. आपल्याकडे भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी वाघाला चकवते, आणि इकडे भोपळ्यातून दिवा भुताला चकवतो, एवढाच फरक त्यांना दिसे.

1989 साली घर घ्यायचे ठरले तेव्हा काकांनी वेस्ट विंडसरचा हट्ट धरला. प्रिन्स्टन जंक्शन स्थानकावरून न्यूयॉर्कची गाडी मिळते, शाळा चांगल्या आहेत, ही कारणे त्यांनी काकूंना दिली. खरे कारण गावाच्या हद्दीतली ग्रोव्हर्स मिल ही वस्ती होती. 1938 सालच्या 30 ऑक्टोबरला, रविवारी रात्री आठ वाजता, तेवीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सने एच. जी. वेल्सच्या मंगळवासीयांच्या स्वारीच्या कादंबरीवरून एक नभोनाट्य सादर केले. नाचाचे संगीत चालू असताना मध्येच बातमी येते, पुन्हा संगीत, पुन्हा बातमी. आणि मंगळावरचे यान न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल इथल्या एका शेतात उतरल्याचे निवेदक सांगतो. संहिता लिहिणाऱ्या हॉवर्ड कॉकने हे गाव निवडले ते नकाशावर डोळे मिटून पेन्सिल टेकवून, असे त्याने पुढे सांगितले. नाटक संपताना वेल्सने ही हॅलोवीनची थट्टा असल्याचे श्रोत्यांना सांगितलेही; पण दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी देशभर हाहाकार उडाल्याचे छापले. अलीकडच्या अभ्यासकांचे मत असे, की घाबरलेले लोक होते, मात्र हाहाकार बराचसा वृत्तपत्रांच्या पानांवरच झाला. नभोवाणीने जाहिराती पळवल्याचा राग त्यांना होताच.

या प्रसंगाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, 1988 साली, गावाने तिथल्या व्हॅन नेस्ट उद्यानात काशाचे एक स्मारक बसवले. त्यावर ध्वनिक्षेपकासमोर वेल्स आहे, वर मंगळाचे यान आहे आणि रेडिओभोवती बसलेले एक कुटुंब आहे. न घडलेल्या घटनेचे स्मारक उभारणारे गाव काकांना मनापासून आवडले. रविवारी संध्याकाळी ते तळ्याकाठून फिरत तिथवर जात. त्या रेडिओभोवतीच्या कुटुंबाकडे बोट दाखवून ते एकदा म्हणाले होते, “यान खोटं, राक्षस खोटा. एकमेकांना बिलगून बसलेली ही माणसं तेवढी खरी.” काकूंनी तेव्हा फारसे लक्ष दिले नाही. थंडी वाजत होती आणि भात कुकरमध्ये लावायचा राहिला होता.

ऑक्टोबरातल्या रात्री जेवणे आटोपली की दूरदर्शनच्या पडद्यावर जुने भयपट सुरू होत. सोफ्याच्या उजव्या टोकाला काका आणि डाव्या टोकाला विणकाम घेऊन काकू, ही जागा ठरलेली. “मी काही बघत नाही, नुसती बसते,” हे काकूंचे वाक्यही ठरलेले. बेला लुगोसीचा ‘ड्रॅक्युला’, बोरिस कार्लॉफचा ‘फ्रँकेन्स्टाइन’, दोन्ही 1931 सालचे. काका पडद्यावरच्या भुतापेक्षा ते भूत कसे केले आहे यात रमत. ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या आरंभीच्या नामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे नटाचे नाव नसून नुसते प्रश्नचिन्ह आहे, हे ते दरवर्षी दाखवीत. जॉन कार्पेंटरचा 1978 सालचा ‘हॅलोवीन’ लागला की ते खूश होत, कारण तो कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत चित्रित झालेला. रस्त्यावर रंगवलेली पाने पसरायची, दृश्य संपले की ती वेचून पिशवीत भरायची आणि पुढच्या दृश्याला पुन्हा पसरायची. “बघ, बघ, मागची झाडं हिरवीगार आहेत,” असे ते ओरडत, आणि नेमक्या त्याच क्षणी पांढऱ्या मुखवट्याचा खुनी खिडकीशी येई व दोघेही दचकत. तो मुखवटासुद्धा दूरदर्शनवरच्या एका अंतराळकप्तानाचा स्वस्तातला मुखवटा पांढरा रंगवून केलेला होता. सगळे ठाऊक असून दचकायचे. दचकून झाले की हसायचे.

ठाऊक असलेल्या खोट्या भीतीत सुख कसले, हा प्रश्न पुरातन आहे. भरतमुनींनी नाट्याच्या आठ रसांत भयानकाला जागा दिली, तेव्हाच भीतीचाही आस्वाद असतो हे मान्य झाले. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने रसाची मीमांसा करताना शाकुंतलातल्या बाणाच्या धाकाने पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले. प्रेक्षकाला जाणवते ते भय ‘मी भ्यालो’ असे नसते आणि ‘तो भ्याला’ असेही नसते. ते कोणत्याही एका स्थळाकाळाला बांधलेले नसते, म्हणूनच त्याची चव घेता येते. आपल्या काळातल्या शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट यंत्रे लावून पाहिली. डेन्मार्कमधल्या वायले इथे एका कृत्रिम भूतवाड्यात शिरलेल्या 110 जणांच्या हृदयाचे ठोके मोजून आणि त्यांचे वागणे टिपून 2020 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की भीती फार कमी असली तर मजा येत नाही आणि फार जास्त झाली तरी येत नाही. मध्ये कुठेतरी एक जागा असते, तिथे ती सर्वाधिक असते. दशावताराच्या रात्री पदराच्या फटीतून पाहणाऱ्या पोराने तीच जागा यंत्रांवाचून शोधलेली असते. पदर पुरता बाजूला केला तर फार, पुरता ओढून घेतला तर काहीच नाही.

2023 सालच्या सप्टेंबरात काकांच्या तपासण्यांचे निकाल आले आणि घरात दुसरीच भीती राहायला आली. तिला फट नव्हती. डॉक्टर सौम्य शब्दांत बोलत, आकडे कागदावर छापून येत, आणि रात्री तीन वाजता काकूंना जाग आली की शेजारचा श्वास चालू आहे ना हे त्या अंधारात कान देऊन ऐकत. ऑक्टोबर आला. एका संध्याकाळी काकांनी नेहमीप्रमाणे ‘फ्रँकेन्स्टाइन’ लावला. काकूंना ते सहन झाले नाही.

“अहो, आता कशाला बघायचं हे? घरात काय कमी आहे का?”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ही भीती साडेदहाला संपते. म्हणून बघायची.”

काकूंनी विणकाम उचलले आणि त्या आपल्या टोकाला जाऊन बसल्या. त्या महिन्यात त्यांनी एकही चित्रपट चुकवला नाही. कधी कधी चित्रपट चालू असताना काकांना डुलकी लागे आणि पडद्यावर कुणीतरी किंचाळत असताना काकू त्यांच्या छातीची हालचाल पाहत राहत. तरीही त्या दीड तासात घरातली मोठी भीती थोडी बाजूला सरून बसते, हे त्यांना जाणवले होते. नकली भुताने खरे भूत हटत नाही. पण तेवढा वेळ त्याला सोफ्यावर जागा मिळत नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस काकांनी हॅरी हुडिनीची गोष्ट पुन्हा काढली. बेड्यांतून आणि पेट्यांतून सुटणारा हा जादूगार आयुष्याची अखेरची वर्षे मृतात्म्यांशी बोलणे करून देणाऱ्यांची लबाडी उघडी पाडण्यात घालवीत होता. आपल्या आईशी बोलता यावे ही त्याची स्वतःची आस होती, आणि म्हणूनच लबाडांवरचा त्याचा राग विलक्षण होता. पत्नी बेस हिच्याशी त्याने एक सांकेतिक संदेश ठरवून ठेवला, की मरणानंतर परतता आले तर हे शब्द सांगीन, म्हणजे तुला खरे-खोटे कळेल. तो वारला 1926 साली, डेट्रॉइटमध्ये, नेमका 31 ऑक्टोबरला. त्याच्या तसबिरीशेजारी बेसने दिवा तेवत ठेवला. शेवटची बैठक झाली 1936 सालच्या हॅलोवीनच्या रात्री, हॉलिवूडमधल्या एका हॉटेलच्या गच्चीवर. हुडिनी आला नाही. बेसने दहा वर्षे जळलेला तो दिवा मालवला.

ही गोष्ट काकूंनी अनेकदा ऐकली होती, पण या खेपेस काकांनी तिला जोड दिली. “आपलं काही ठरवायला नको. मी येणार नाही. तू वाट बघू नकोस.” काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. माणसाने जाण्याविषयी बोलावे एवढे पुरे; येणार नसल्याचे आधीच सांगून ठेवायची काय गरज, हा त्यांचा राग होता. तो राग काका गेल्यानंतरही पुरता निवळला नाही.

2024 साली तिथींचा योग मोठा विलक्षण आला. मुंबई-पुण्यात 31 ऑक्टोबरला नरकचतुर्दशी आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. परंतु अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे अमावास्येची संध्याकाळ 31 ऑक्टोबरलाच पडत होती. म्हणजे हॅलोवीन आणि लक्ष्मीपूजन एकाच रात्री. गावातल्या भारतीय घरांच्या पायऱ्यांवर एका बाजूला कोरलेला भोपळा आणि दुसऱ्या बाजूला पणत्यांची ओळ दिसू लागली. एका दारात रांगोळीच्या मधोमध प्लास्टिकचे वटवाघूळ विसावले होते. त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नाही. पाने झाडांवरच वाळून खडखडत होती, आणि महिन्याच्या अखेरच्या दिवशी हवेत ऋतूला न शोभणारी ऊब होती.

काकूंच्या घरी वर्ष पाळायचे होते. आकाशकंदील नाही, पणत्या नाहीत, कढई ठेवायची नाही. पद्धतीप्रमाणे शेजारच्या सुनेने फराळाचा डबा आणून दिला आणि चकल्या बिघडल्याबद्दल आधीच क्षमा मागितली. सिअ‍ॅटलहून मुलाचा फोन आला, की आई, दमशील, या वर्षी दिवा लावू नकोस, लोक समजून घेतील. दुपारी पुण्याला धाकट्या बहिणीशी बोलणे झाले. तिकडे रात्र झाली होती.

“ताई, दाराशी काही लावायचं नाही हं या वर्षी.”

“विजेचा दिवा चालेल का गं?”

“तो कशाला?”

“भुतं यायची आहेत,” काकू म्हणाल्या.

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग दोघी बहिणी हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांतली एक रडू लागली. कोणती ते शेवटी दोघींनाही सांगता आले नसते.

सहाच्या सुमारास सूर्य मावळला. रस्त्यावर पहिली टोळी दिसू लागली. काकू अंधाऱ्या दिवाणखान्यात उभ्या राहून पडद्याआडून पाहत होत्या. एक समुद्री चाचा, दोन कोळीमानव, पंख लावलेली एक मुलगी. मुले डाव्या हाताच्या घरी गेली, पायऱ्या उतरली, काकूंच्या दाराकडे वळली, दिवा नाही असे पाहून थबकली आणि नियमाप्रमाणे मुकाट्याने पुढे निघाली. पंखवाली मुलगी तेवढी मागे वळून बघत राहिली. गेल्या वर्षी इथे तारेच्या हातांचा कोणीतरी उभा होता, हे तिला आठवत असावे. त्या मागे वळलेल्या मानेने काकूंना हलवले. न येणाऱ्याची वाट पाहू नये हे खरे. पण येणाऱ्यांना परत का पाठवावे?

त्यांनी बटण दाबले. मग कपाटातून चॉकलेटची पिशवी काढली. ती त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच आणून ठेवली होती. लावायचा नसलेल्या दिव्यासाठी 80 चॉकलेटे कशाला घेतली, हे त्यांनी स्वतःला विचारले नव्हते.

दोन तास घंटी वाजत राहिली. प्रत्येक वेषाला काका जसे घाबरून दाखवीत, तसे काकूंना जमले नाही. पहिल्या काही मुलांना त्यांनी नुसतेच चॉकलेट दिले. मग एका लहानग्या वाघाने डरकाळी फोडली आणि ती ऐकूनही त्या दचकल्या नाहीत तेव्हा त्याचा चेहरा पडला. त्यानंतर मात्र काकू दचकू लागल्या. आठ वाजता, गर्दी ओसरल्यावर, शेवटचे भूत आले. नुसती पांढरी चादर आणि तिला दोन भोके. मागे फाटकाशी साडी नेसलेली आई पूजेच्या घाईत उभी होती. आजच्या काळात इतके साधे भूत काकूंनी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

“कोण आहेस तू?” त्यांनी मराठीत विचारले.

“भूत.”

“कुणाचं?”

चादरीखाली थोडा विचार झाला. “माहीत नाही. आईनं चादर दिली.”

काकूंनी त्याच्या पिशवीत चॉकलेट घातले, शिवाय एक बिघडलेली चकलीही घातली. मुलाने तिथेच ती चादरीखाली नेली आणि चकली मोडल्याचा आवाज भुताच्या आतून आला.

साडेआठनंतर त्या सोफ्यावर आपल्या डाव्या टोकाला बसल्या. जुन्या चित्रपटांत कार्लॉफचा राक्षस निघाला. तळ्याकाठच्या लहान मुलीचे दृश्य आले की काकू दरवर्षी मान खाली घालून टाके मोजीत. ती दोघे पाण्यावर फुले सोडीत असतात, फुले संपतात, फुलासारखी मुलगीही तरंगेल असे त्या वेड्याला वाटते आणि तो तिला पाण्यात टाकतो. हे दृश्य पूर्वी कापून टाकले होते आणि 1980च्या दशकात ते परत जोडले, हेही काकांनीच सांगितलेले. त्या वर्षी काकूंनी मान खाली घातली नाही. राक्षसाच्या चेहऱ्यावर क्रौर्य असेल अशी त्यांची इतक्या वर्षांची समजूत होती. तिथे क्रौर्य नव्हते. बुडणाऱ्या मुलीकडे पाहून तो आपलेच हात चोळीत, काय झाले ते न कळून, झाडीत धडपडत पळत होता. काकू त्याच्याकडे पाहत राहिल्या. भीती वाटली नाही. त्याची दया आली.

चित्रपट संपल्यावर त्यांनी पिशवीतली उरलेली चॉकलेटे मोजली. 17 होती. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी भिंतीवर पुण्याहून मागवलेले कालनिर्णय लटकत होते. दरवर्षी 31 ऑक्टोबरच्या चौकोनात काका दाराशी आलेल्या मुलांचा आकडा लिहीत, आणि जुनी कालनिर्णये टाकू देत नसत. काकूंनी खणातून पेन काढले. छापील नरकचतुर्दशीच्या खाली त्यांनी बारीक अक्षरात 63 असे लिहिले.

मग त्या बाहेरच्या दाराशी आल्या. समोरच्या घरी पणत्या जवळजवळ संपत आल्या होत्या आणि भोपळ्यातला दिवा मात्र अजून टिकून होता. काकूंनी आपल्या दारावरचा दिवा बंद केला. विजेचे बिल वाढलेले काकांना आवडत नसे.